दखलसाहेबांचे व्याही

परराष्ट्र खात्यात सगळे त्यांना दखलसाहेब म्हणत. खरे नाव हजेरीपटावर होते आणि ते तिथेच राहिले. शिपायापासून सचिवापर्यंत कुणीही ते उच्चारत नसे. पाठीमागे तर नाहीच, आणि हळूहळू तोंडावरही नाही.

या नावाला कारण होते एक वाक्य. फार दूर, दोन देशांच्या मधोमध, डोंगरांत एक खोरे आहे. ते आपलेच, असे दोन्ही देश म्हणतात. साहेब नोकरीला लागले तेव्हाच ते भांडण त्यांच्याहून वयाने मोठे होते. दोन्ही देशांनी खोऱ्याला आपापले नाव दिलेले आहे आणि दुसऱ्याचे नाव कुणी तोंडात घेतले तरी त्यांना मिरची लागते. म्हणून साहेबांच्या शाखेत दोन्ही नावे वर्ज्य होती. बोलताना नुसते ‘खोरे’ म्हणायचे, कागदावर ‘संबंधित प्रदेश’. खोऱ्यात काही घडले की आपल्या सरकारला दोन ओळींचे निवेदन काढावे लागे आणि तो मसुदा साहेब करीत: ‘सरकारने या घटनेची दखल घेतली आहे. हा प्रश्न उभय देशांनी आपसांत व शांततेने सोडवावा. त्यात दखल देण्याचा सरकारचा विचार नाही.’ गोळीबार झाला तर नुसती दखल. माणसे मेली तर गंभीर दखल. फारच मेली तर अत्यंत गंभीर. टेलिफोन खणखणू लागले की शाखेतला टंकलेखक दारातून मान आत घालून विचारी, “साहेब, आज साधी की गंभीर?” एखाद्याने चहाबद्दल विचारावे तसे.

साहेब हसत, पण या वाक्यावर त्यांची श्रद्धा होती, आणि ती फुकाची नव्हती. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मंत्र्यांनी मेजवानीच्या भाषणात खोऱ्याचा उल्लेख एका देशाने ठेवलेल्या नावाने केला होता. जीभ घसरली, एवढेच. पण दुसऱ्या देशाच्या बंदरात आपले खलाशी होते. त्यांची जहाजे अडकवली गेली आणि ती महिनोन्‌महिने सुटली नाहीत. त्या काळात खात्याच्या तळमजल्यावरच्या बाकांवर खलाशांच्या आया येऊन बसत. काही बोलत नसत, नुसत्या बसत. साहेबांना वर जायला त्यांच्यासमोरूनच जिना होता. शब्द वाकडा पडला तर कुणाच्या घरात काय पडते, हे ते त्या जिन्यावर शिकले. त्यानंतर त्यांनी एकही शब्द वाकडा पडू दिला नाही.

घरीही तोच खाक्या. आई हयात असताना सासूसुनांचे वाजले की साहेब वर्तमानपत्र उघडत. पत्नी म्हणायच्या, “यांच्या समोर घर पेटलं तरी हे आधी दोन्ही बाजूंना संयम राखायला सांगतील आणि मग पाण्याची बादली कुठाय ते विचारतील.” ते तेही निमूटपणे ऐकून घेत. तळ्यात की मळ्यात असे कुणी विचारले, तर काठावर उभे राहणारा हा माणूस. पण काठावर उभे राहायलाही पाय घट्ट रोवावे लागतात, असे त्यांचे म्हणणे होते.

मग मुलाचा परदेशातून फोन आला. तो पूल बांधणारा इंजिनिअर. जिथे काम करीत होता त्या शहरात, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका मुलीशी त्याची ओळख झाली होती आणि लग्न करायचे ठरले होते.

“अण्णा, ती खोऱ्यातली आहे.”

साहेबांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, “कुठल्या बाजूची?”

“बाजू नाही अण्णा. खोऱ्यातली.”

शिकायला गेली त्या देशाने तिला आपले नागरिकत्व दिले होते, त्यामुळे तिच्या कागदपत्रांत काही अडचण नव्हती. लग्न झाले आणि मुलगा तिला घेऊन कायमचा परत आला. ती उंच होती, कमी बोलायची, पण भाषा झपाट्याने शिकत होती. सासूबाईंच्या मागे स्वयंपाकघरात उभी राहून प्रत्येक भांड्याचे नाव विचारी. एकदा तिने विचारले, “आई, अण्णांना दखलसाहेब का म्हणतात?”

सासूबाईंनी आपल्या परीने समजावले. दखल घेणे म्हणजे लक्षात घेणे. दखल देणे म्हणजे मध्ये पडणे. आपले सरकार दखल घेते, पण देत नाही.

सुनेने थोडा विचार केला. “घेतात, पण देत नाहीत? म्हणजे कंजूष!”

सासूबाई हसून हसून ओट्याला टेकल्या. संध्याकाळी साहेब घरी आल्याबरोबर त्यांना ते ऐकवण्यात आले. तेही हसले. आयुष्यभर ते वाक्य इतक्यांनी वाचले होते, त्याला असे कुणी म्हटले नव्हते.

सुनेला दिवस गेले. तिची आई ती लहान असतानाच वारली होती. वडील एकटे होते. खोऱ्यात नदीच्या काठावर त्यांची पाणचक्की होती, आणि त्यांनी आयुष्यात खोऱ्याबाहेर पाऊल टाकलेले नव्हते. मुलीच्या लग्नालाही नाही, कारण ते कापणी संपता संपता झाले आणि तेव्हा सारे खोरे दळायला येते. पण आता ते म्हणाले, “बाळंतपणाला तुझी आई असती तर आली असती. तिच्याऐवजी मी येतो.” त्यांनी चक्की शेजाऱ्याच्या हवाली केली, खोऱ्यात सध्या ज्यांचा अंमल आहे त्यांच्याकडून पासपोर्ट काढला, डोंगर उतरून शेजारच्या देशातल्या, साहेबांच्या सरकारच्या वकिलातीत गेले आणि व्हिसासाठी अर्ज दिला. सून रोज त्यांच्याशी फोनवर बोले. बोलणे संपले की पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगावर नवी चादर घाली, दुसऱ्या दिवशी ती काढून वेगळी घाली.

अर्ज परत आला. सोबत एका ओळीचे उत्तर होते: ‘सदर प्रवासपत्र ग्राह्य धरता येत नाही.’ वडिलांनी ती ओळ फोनवर अक्षर अक्षर वाचून दाखवली आणि सुनेने ती लिहून घेतली. कागद घेऊन ती दिवाणखान्यात साहेबांच्या समोर येऊन उभी राहिली.

“अण्णा, ग्राह्य म्हणजे काय?”

“घेण्याजोगं.”

“म्हणजे आता घेतही नाहीत.”

साहेबांच्या पत्नी दारातच थांबल्या. मुलगा टीव्ही बंद करून उठला. साहेबांना त्या ओळीतला स्वल्पविरामही ओळखता आला असता, असता तर. त्यांनी चष्मा काढला.

“हे वाक्य माझं आहे,” ते म्हणाले. “बरीच वर्षं झाली. मीच नियमांत घातलं.”

सुनेने कागदाची घडी केली, पुन्हा उघडली, आणि पाठीला हात लावून हळूहळू आपल्या खोलीत गेली.

“आता?” पत्नींनी विचारले.

“आता काय?”

“अहो, तुम्हीच बांधलेली भिंत. दार कुठं आहे ते तुम्हाला ठाऊक असणार.”

दार कुठे आहे ते साहेबांना ठाऊक होते, हीच तर अडचण होती. पासपोर्टला हातही न लावता, वेगळ्या सुट्या कागदावर व्हिसा द्यायचा. माणूस येतो, माणूस जातो, आणि ज्या पासपोर्टला मान्यता दिली तर तिथल्या अंमलालाच मान्यता दिल्यासारखे होते, त्यावर आपला शिक्का उमटत नाही. ही सूचना शाखेत यापूर्वी दोनदा आली होती. एकदा एका विद्यार्थ्यासाठी, एकदा उपचारांसाठी येऊ इच्छिणाऱ्या एका बाईसाठी. दोन्ही वेळा साहेबांनीच विरोध नोंदवला होता: आज कागद, उद्या शिक्का, परवा मान्यता. त्यांच्या शेऱ्याखाली वरच्यांनी सही केली होती. विद्यार्थी दुसरीकडे कुठे तरी गेला असेल. बाईचे काय झाले ते साहेबांना माहीत नव्हते. विचारायची पद्धत नव्हती.

आणि आता तीच सूचना स्वतःच्या व्याह्यांसाठी मांडायची? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, असे टंकलेखकही म्हणाला असता, निदान मनात.

काही दिवस साहेब नेहमीसारखे ऑफिसला गेले आणि नेहमीसारखे परत आले. घरात कुणी त्यांना विचारले नाही. सून त्यांच्या ताटात वाढताना पूर्वीसारखेच ‘आणखी?’ म्हणत असे. पण जेवण झाल्यावर भाषेची वही घेऊन ती त्यांच्याजवळ बसत असे, ते बंद झाले. साहेब वर्तमानपत्राच्या आडून त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत. या मुलीला आपण कायमचे गमावत आहोत, हे त्यांना कुणी सांगायला नको होते.

शेवटी ते उपसचिव बाईंकडे गेले. बाई त्यांच्याहून वयाने पुष्कळ लहान, मसुदा लिहायला त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या, आणि आता त्यांच्या वरिष्ठ. साहेबांनी काही न लपवता सगळे सांगितले.

बाईंनी पेन खाली ठेवले. “साहेब, आधी कागद, मग शिक्का, मग मान्यता. हे आम्हाला कुणी शिकवलं?”

“मी.”

“मग ते चूक होतं?”

“असावं.”

“असावं की होतं? तुम्ही आमच्या मसुद्यांत ‘असावं’ कधी ठेवू दिलं नाहीत.”

“होतं.”

“घरात बाळ यायचंय म्हणून चूक झालं, का आधीपासून होतं?”

“आधीपासून होतं. बाळ यायचंय म्हणून दिसलं.”

बाई हसल्या नाहीत. “मग टिपण असंच लिहा, बाळासकट. काही लपवू नका. ताकाला जाऊन भांडं लपवलं तर दोन्ही जातं, ताकही आणि भांडंही. आणि हे एकट्यासाठी नाही, खोऱ्यातल्या सगळ्यांसाठी मांडा. पण एक आहे. निर्णय होईपर्यंत तुमच्या व्याह्यांचा अर्ज बाजूला राहील. नंतरही रांगेत सगळ्यात शेवटी. चालेल?”

“त्यांना चालेल का, माहीत नाही. मला चालवून घ्यावं लागेल.”

“आणि ते खलाशी?” बाईंनी मुद्दाम विचारले. “उद्या जहाजं अडली तर?”

“सुट्या कागदावर आपली भूमिका कुठंच उमटत नाही, हे दोन्ही वकिलातींना आधी जाऊन सांगावं लागेल. ते मी करीन. शिव्या दोन्हीकडच्या खाईन.”

त्यांनी टिपण लिहिले. आपल्या जुन्या शेऱ्यांचा त्यात उल्लेख केला, ते कुणाबाबत होते हे लिहिले, आणि ते मागे घेतले. ‘कारण’ या सदरात आपल्या घरचे नाते नमूद केले. मग दोन्ही वकिलातींत जाऊन आले. एकीकडे त्यांना बसायला सांगितले गेले नाही, दुसरीकडे सांगितले गेले पण कुणी आले नाही.

तोवर मुलगी जन्मली होती. तिच्या आजोबांनी तिचे पहिले रडणे फोनवर ऐकले. पालथी पडायला लागली, बसायला लागली, आणि टेबलाचा पाय धरून उभी राहायच्या बेतात असताना निर्णय झाला. सुटा कागद मंजूर. दोन्ही देशांनी निषेध नोंदवला, आणि तोही जवळजवळ सारख्याच शब्दांत. ते पाहून टंकलेखक म्हणाला, “साहेब, दोघंही चिडले. म्हणजे काम चोख झालं.” खात्यात याहून मोठे प्रशस्तिपत्र नसते. एकही जहाज अडले नाही. काही आठवड्यांत खोऱ्यातून पहिली माणसे आली. एक म्हातारी मुलाकडे, एक जोडपे उपचारांसाठी. मग रांग पुढे सरकत सरकत व्याह्यांपर्यंत आली.

त्या संध्याकाळी घरात सगळे फोनभोवती जमले. सून वडिलांशी बोलत होती आणि मधूनमधून इकडे सांगत होती.

“बाबा विचारतात, व्हिसा पासपोर्टवर का नाही?”

साहेबांनी समजावले. सुनेने ते तिकडे सांगितले. मग म्हातारा सावकाश बोलला, अगदी थोडे.

“काय म्हणाले?” मुलाने विचारले.

“ते येणार नाहीत.” सून फोन कानाशी तसाच धरून होती. “म्हणतात, मी लेकीच्या घरी येतोय. पाहुण्याला दारातून घेतात. माझं नाव, माझं गाव ज्यावर आहे तो पासपोर्ट उंबऱ्याबाहेर ठेवा आणि तुम्ही आत या, असं म्हणणाऱ्या घरी मी जात नाही.”

“अगं, पण अण्णांनी किती—” मुलगा उसळला. “वर्ष घालवलं त्यांनी! दोन्ही वकिलातींत जाऊन अपमान करून घेतला!”

“बाबांनी मागितलं नव्हतं,” सून म्हणाली. आवाज चढला नाही. “ते फक्त यायचं म्हणाले होते.”

पत्नी पुटपुटल्या, “म्हातारा ताठ आहे हो.” मग स्वतःच म्हणाल्या, “असू दे. इतक्या वर्षांत दोन राजवटी बदलल्या तिथं. ताठ नसता तर कधीच वाहून गेला असता.”

साहेबांना राग आला. तो त्यांनी त्या रात्री आणि नंतरचे काही दिवस मनातच ठेवला. एका शब्दासाठी माणूस नातीला पाहायला येत नाही, ही काय तऱ्हा! मग एके दिवशी, ऑफिसात दुसऱ्याच कसल्याशा मसुद्यात एका शब्दावर बाईंशी वाद घालत असताना, त्यांच्या लक्षात आले की शब्दासाठी अडून बसणारा हा दुसरा माणूस त्यांना चांगलाच ओळखीचा आहे.

सरकारी नोकराला खोऱ्यात पाऊल टाकायला बंदी होती. तीही त्याच भूमिकेतून आलेली. पण साहेबांची नोकरी संपत आली होती. निरोपसमारंभ झाला, हार झाला, सचिवांनी भाषणात ‘यांची आम्ही सदैव दखल घेऊ’ असा विनोद केला आणि सगळे हसले. निवृत्तीनंतर जरा उसंत मिळताच साहेबांनी जेवणाच्या टेबलावर सांगितले, “मी खोऱ्यात जातोय. पोरीला आजोबांना दाखवून आणतो. सूनबाई, तू येशील ना?”

मुलाला रजा नव्हती. पत्नी म्हणाल्या, “माझ्या गुडघ्यांना आपला जिना झेपत नाही, डोंगर कुठला! तुम्ही या जाऊन.” मग नवऱ्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, “तिथला शिक्का पासपोर्टवर बसला की तो दुसरा देश तुम्हाला जन्मात आत घेणार नाही. वर वर्तमानपत्रवाले लिहितील. हात दाखवून अवलक्षण होईल, ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे.”

“बरं. मग लोकरीचे मोजे घ्या.”

निघण्याच्या आदल्या दिवशी उपसचिव बाईंचा फोन आला. “साहेब, तुम्ही आता सरकार नाही, म्हणून सांगते. जपून जा. आणि जाऊन या.”

खोऱ्याच्या चौकीवर एक प्रौढ बाई टेबलाशी बसली होती. विमानात आणि नंतरच्या मोटारीत साहेबांनी एक उत्तर तयार केले होते: आपण कुणाचे प्रतिनिधी म्हणून आलेलो नाही, वैयक्तिक नात्याने आलो आहोत, यावरून कोणताही अर्थ काढला जाऊ नये. मसुदा चांगला होता. पण बाईने त्यांना काही विचारलेच नाही. तिने पासपोर्ट उघडला, एकीकडे पोरीकडे पाहून गाल फुगवले, पोर खिदळली, आणि त्या नादात शिक्का तिरका बसला. झाले. शाई वाळायच्या आत पुढचा माणूस टेबलाशी आला होता.

पाणचक्की नदीपासून जरा वर, दगडी पाटाच्या तोंडाशी होती. म्हातारा दारात उभा होता. बुटका, रुंद, भुवयांपर्यंत पीठ. उंची सुनेने आईची घेतली असावी. त्याने आधी लेकीच्या चेहऱ्याला हात लावला, मग हात अंगरख्याला पुसले आणि नात घेतली. पोरीने त्याच्या भुवईवरचे पीठ बोटाने काढले आणि तोंडात घातले. तो हसला नाही. डोळे मिटून उभा राहिला. साहेब बाजूला थांबले. मग त्याने साहेबांना आत नेले, चक्कीजवळच्या बाकावर बसवले, समोर गरम दूध ठेवले. जाते गरगरत होते, खालचे पाणी घुमत होते, आणि बोलायचे ते ओरडूनच बोलावे लागत होते.

त्याने काहीतरी विचारले. सुनेने लगेच भाषांतर केले नाही.

“काय विचारतात?”

“विचारतात, तुम्ही तिकडे काय काम करत होता.” ती खाली पाहत होती. “मी त्यांना कधी सांगितलं नाही, अण्णा. ऑफिसात आहेत, एवढंच सांगितलं होतं. आत्ताही तेवढंच सांगू शकते.”

म्हातारा वाट पाहत होता. नात त्याच्या मांडीवर होती. साहेबांनी दुधाचा पेला खाली ठेवला. तेवढेच सांगणे सोपे होते, आणि खोटेही नव्हते.

“सांग,” ते म्हणाले, “की तुमच्या खोऱ्यात माणसं मेली की आमचं सरकार काय म्हणेल, ते मी लिहीत होतो. सगळी वर्षं. आणि तुमचा पासपोर्ट चालत नाही असं जे उत्तर तुम्हाला आलं, ते वाक्य माझं होतं.”

सुनेने त्यांच्याकडे एकदा पाहिले. मग वडिलांच्या कानाशी वाकून बोलू लागली. साहेबांना वाटले, ती आपल्यापेक्षा बरेच जास्त बोलते आहे. पण त्यांनी तिला थांबवले नाही. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काही कळत नव्हते. तिचे बोलणे संपल्यावर त्याने नात तिच्याकडे दिली, उठला, आणि भिंतीवरून आलेला लाकडी दांडा दोन्ही हातांनी ओढून पाटाची फळी खाली सोडली. पाणी वळले. जाते आणखी काही फेरे फिरून मंदावले आणि थांबले. इतकी शांतता झाली की वरच्या उतारावरून कुणीतरी कुणाला हाक मारली तीही ऐकू आली.

तो परत येऊन साहेबांच्या समोर बसला, या वेळी अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लागेल असा. लेकीकडे न पाहता, साहेबांकडे पाहत तो बोलला.

“बाबा म्हणतात,” सून म्हणाली, “आवाजात नीट कळलं नाही. पहिल्यापासून सांगा.”

साहेबांनी बसल्या जागी पाठ सरळ केली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.